उभा खंड

जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात पेरू आणि बोलिव्हियाच्या डोंगरांतले काही शेतकरी पहाटेच्या काळोखात गावाबाहेरच्या टेकाडावर चढतात आणि ईशान्येकडे पाहत उभे राहतात. ते कृत्तिकांचा पुंजका शोधत असतात. कृत्तिका लखलखीत दिसल्या तर पाऊस वेळेवर आणि भरपूर. अंधुक दिसल्या, पुंजक्यातले बारके तारे ओळखू आले नाहीत, तर पाऊस उशिरा आणि थोडा. मग ऑक्टोबर-नोव्हेंबरातली बटाट्याची लावणी काही आठवडे पुढे ढकलायची. निदान सोळाव्या शतकापासून ही रीत चालत आल्याच्या नोंदी आहेत. २००० साली मानवशास्त्रज्ञ बेन ऑर्लव्ह आणि हवामानशास्त्रज्ञ जॉन चियांग व मार्क केन यांनी ‘नेचर’ नियतकालिकात तिचा उलगडा केला. एल निन्योच्या वर्षी, म्हणजे पॅसिफिक समुद्राचं पाणी नेहमीपेक्षा तापतं त्या वर्षी, त्या दिवसांत आकाशात फार उंचावर विरळ ढगांचा थर वाढतो. डोळ्यांना तो जाणवत नाही, पण तारे मंद होतात. आणि एल निन्योच्याच वर्षी त्या पठारावर पाऊस ओढ देतो.

यंदा मृगाचं वाहन बेडूक की कोल्हा, हे पंचांगात पाहणाऱ्या घरांतून आलेल्या वाचकाला या शेतकऱ्यांची ओळख वेगळी करून द्यायला नको. शिवाय त्यांच्या कृत्तिका ज्या समुद्रामुळे अंधुक होतात, त्याच समुद्रामुळे आपला पाऊसही अनेकदा लांबतो. मराठीत दक्षिण अमेरिकेच्या भूगोलावर स्वतंत्र ग्रंथ हवा असं मला गेली अनेक वर्षं वाटत आलं, त्याचं एक कारण हे.

दुसरं कारण वर्गातलं. २०१८ पासून आपल्या दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकात भारत आणि ब्राझील शेजारीशेजारी मांडलेले आहेत. महाराष्ट्रातली लाखो मुलं दरवर्षी ॲमेझॉनचं खोरं, ब्राझीलची उच्चभूमी, ईशान्येकडचा अवर्षणग्रस्त पट्टा नकाशात भरतात. ही फार चांगली गोष्ट झाली. पण ब्राझील म्हणजे त्या खंडाचा निम्मा भाग, आणि तोही बहुतांशी सखल किंवा मध्यम उंचीचा. ब्राझीलला पाऊस का पडतो आणि तो नेमका तिथेच का पडतो, याचं उत्तर त्याच्या सरहद्दीबाहेर, पश्चिमेच्या पर्वतात आहे. भिंतीवरच्या नकाशात हा खंड उत्तर-दक्षिण उभा दिसतो: साधारण १२ अंश उत्तरेपासून ५६ अंश दक्षिणेपर्यंत, वर रुंद आणि खाली निमुळता. त्याचा खरा उभेपणा मात्र या नकाशात मावत नाही. तो समुद्रसपाटीपासून वर जाणारा आहे. लिमाहून पूर्वेला निघालेली मोटार चार-पाच तासांत वाळवंटातून बर्फाच्या कडेला पोचते. सपाट नकाशात ते अंतर बोटाच्या पेराएवढंही भरत नाही. हा खंड छेद घेऊन वाचायला हवा, ही या संग्रहामागची धारणा आहे.

त्याचा पाया आपल्या ओळखीचा आहे. गोंडवन हा शब्द गोंडांच्या मुलखातून आला. भूशास्त्रज्ञ मेडलिकॉट यांनी १८७२ मध्ये तो मध्य भारतातल्या खडकांसाठी वापरला आणि पुढे एडवर्ड झ्युस यांनी दक्षिणेकडच्या प्राचीन महाखंडालाच ते नाव दिलं. चंद्रपूरच्या कोळशात ग्लॉसोप्टेरिस या नामशेष झाडाच्या पानांचे ठसे सापडतात, तसेच ते दक्षिण ब्राझीलच्या कोळशाच्या थरांतही सापडतात. दक्षिण आफ्रिकेचे भूशास्त्रज्ञ अलेक्झांडर द्यु तॉइ १९२३ मध्ये ब्राझील, उरुग्वे, अर्जेंटिनात हिंडले ते हेच जुळवून पाहायला. थराला थर आणि जीवाश्माला जीवाश्म जुळवून त्यांनी १९२७ मध्ये जो ग्रंथ काढला, तो खंड सरकतात या वेगेनर यांच्या म्हणण्याचा मोठा आधार ठरला. त्या वेळी युरोप-अमेरिकेतले बहुतेक जाणकार वेगेनरना वेड्यात काढत होते.

दुसरी ओळख बेसाल्टची. दख्खनचे लाव्हाचे थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. दक्षिण ब्राझीलच्या पराना खोऱ्यातले सुमारे साडेतेरा कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका एकमेकींपासून फाटत होत्या त्या वेळचे. इग्वासूचा धबधबा या थरांच्या पायऱ्यांवरूनच कोसळतो, आणि सह्याद्रीच्या कड्यांची सवय असलेल्या डोळ्याला त्या पायऱ्या लगेच ओळखू येतात. गंमत मातीची आहे. आपल्या कोरड्या पठारावर या खडकाची काळी, भेगाळणारी कापसाची माती झाली. तिथल्या ओल्या, उबदार हवेत त्याचीच खोल लाल माती झाली आणि तिच्यावर साओ पाउलो व परानाचे कॉफीचे मळे उभे राहिले. खडक एकाच जातीचा, माती दोन. मातीत हवामानाचा वाटा किती असतो, हे शिकवायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

या जुन्या, झिजलेल्या पूर्वेच्या तुलनेत पश्चिमेचा अँडीज पर्वत अजून घडतो आहे. सुमारे ७,००० किलोमीटर लांबीची ही रांग. तिच्या बऱ्याच मोठ्या भागाखाली पॅसिफिकच्या तळाचं नाझ्का भूपट्ट सरकत जातं. १८३५ च्या फेब्रुवारीत चिलीत भूकंप झाला, तेव्हा तरुण डार्विन तिथेच होते. किनाऱ्यावरचे शिंपले पाण्याबाहेर उचलले गेलेले त्यांनी पाहिले आणि पर्वत असे इंचाइंचाने वाढत असावेत हे त्यांच्या मनात पक्कं झालं. १९६० चा वाल्दिव्हियाचा भूकंप ९.५ तीव्रतेचा होता. यंत्रांनी नोंदलेला त्याहून मोठा भूकंप नाही. पर्वत उभा राहिला तसं पाण्याचंही नशीब फिरलं. आजच्या ॲमेझॉन खोऱ्याच्या पश्चिम भागात एके काळी अफाट पाणथळ प्रदेश होता. अँडीजची भिंत चढत गेली, गाळ साचत गेला, आणि सुमारे एक कोटी वर्षांपूर्वी पाण्याला अटलांटिकपर्यंत सलग वाट मिळाली. ती वाटही किती सपाट! पेरूतलं इकितोस हे बंदर समुद्रापासून नदीमार्गाने साडेतीन हजार किलोमीटरांहून अधिक आत आहे आणि त्याची उंची जेमतेम शंभर मीटर. जगातल्या सगळ्या नद्या मिळून समुद्राला जेवढं पाणी देतात, त्याचा सुमारे पाचवा हिस्सा एकटी ॲमेझॉन देते.

हवामानाकडे वळताना तीन गोष्टी एकदम डोळ्यांपुढे ठेवाव्या लागतात: गार समुद्र, पर्वत आणि अरण्य. पश्चिम किनाऱ्याला लागून दक्षिणेकडून गार पाणी वाहत येतं, शिवाय तळातलं थंड पाणी वर येत राहतं. त्यामुळे लिमा विषुववृत्तापासून बारा अंशांवर असूनही तिथलं सरासरी तापमान १९-२० अंशांच्या आसपास राहतं. जवळपास त्याच अक्षांशावर अटलांटिककाठी साल्व्हादोर आहे, ते चांगलं पाच-सहा अंशांनी उबदार. गार पाण्यावरची हवा जड असते आणि वर चढत नाही, म्हणून पाऊस नाही. लिमात महिनोन्महिने आभाळ दाटलेलं असतं, धुक्याची भुरभुर असते, आणि वर्षाचा पाऊस जेमतेम सेंटिमीटरभर. कोटीभर वस्तीचं हे शहर डोंगरातून उतरणाऱ्या नद्यांवर जगतं. त्याच्या दक्षिणेला आतकामा. तिथल्या आरिका शहराचा सरासरी वार्षिक पाऊस एक मिलिमीटरही भरत नाही.

पर्वताचं काम मराठी वाचकाला पाठ आहे. महाबळेश्वरला धो धो आणि माणदेशात ठणठणाट, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहतो. अँडीजचा मामला एवढ्यावर थांबत नाही, कारण ही रांग वाऱ्यांचे दोन पट्टे ओलांडते. उत्तरेकडे व्यापारी वारे अटलांटिकवरून पूर्वेकडून येतात. म्हणून पर्वताची पूर्व बाजू भिजते आणि पश्चिम बाजू बहुतांशी करपते. दक्षिणेकडे पश्चिमी वाऱ्यांचं राज्य. तिथे चिलीचा किनारा वर्षाला हजारो मिलिमीटर पाऊस झेलतो, अंटार्क्टिका आणि ग्रीनलँड सोडले तर अन्यत्र क्वचितच आढळावीत अशी हिमक्षेत्रं माथ्यावर साठवतो, आणि पलीकडचा अर्जेंटिनाचा पॅटागोनिया वाऱ्याने रोड झालेल्या झुडपांचा ओसाड माळ होऊन राहतो. पर्जन्यछाया एका बाजूची उठून दुसऱ्या बाजूला जाते. नकाशावर या कोरड्या प्रदेशाचा एक तिरका पट्टा पेरूच्या किनाऱ्यापासून पॅटागोनियापर्यंत खंड कापत गेलेला दिसतो. पाठ्यपुस्तकांतून तो कधी सलग दाखवलेला मी पाहिला नाही.

तिसरं अरण्य. ॲमेझॉनचं जंगल पावसामुळे आहे हे खरं, आणि पाऊस जंगलामुळे आहे हेही तितकंच खरं. १९७० च्या दशकात ब्राझीलच्या एनेआस सालाती यांनी पावसाच्या पाण्यातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून दाखवून दिलं, की अटलांटिकवरून आलेली वाफ खोऱ्यात पुन्हा पुन्हा पडते, झाडांच्या पानांतून पुन्हा हवेत जाते आणि पुढे सरकून पुन्हा पडते. पावसाचा सुमारे निम्मा वाटा असा फिरून परत येणारा आहे. ही ओली हवा पश्चिमेला अँडीजवर थडकते, वळते आणि पर्वताच्या पूर्व पायथ्याने दक्षिणेकडे परानाच्या खोऱ्यात उतरते. तिथे तिला ‘उडत्या नद्या’ म्हणतात. साओ पाउलोच्या अक्षांशावर जगात अन्यत्र बरीच वाळवंटं आहेत. इथे ऊस, सोयाबीन आणि मोठाली धरणं आहेत.

मग या पावसाला मान्सून म्हणायचं का? आपल्याला हा प्रश्न जिव्हाळ्याचा. मान्सून म्हणजे वाऱ्यांनी ऋतूनुसार दिशा उलटणं, अशी जुनी व्याख्या. तिथे वारे तसे उलटत नाहीत, म्हणून बराच काळ उत्तर नाही असंच दिलं गेलं. १९९८ मध्ये झोऊ आणि लाऊ यांनी वर्षभराची सरासरी वजा करून उरलेले वारे तपासले, तेव्हा ते उलटताना दिसले. आज दक्षिण अमेरिकेचा मान्सून ही संज्ञा रुळली आहे. तो डिसेंबर ते फेब्रुवारीत भरात असतो, आणि आपल्याकडे तिबेटवर उन्हाळ्यात वरच्या हवेत जसा उच्चदाब तयार होतो, तसा तिथे बोलिव्हियाच्या पठारावर होतो.

या अभ्यासाचा इतिहास बव्हंशी बाहेरच्यांनी लिहिला, आणि त्यांना वाट दाखवणाऱ्यांची नावं त्यात फारशी आली नाहीत. स्पॅनिश धर्मोपदेशक होसे दे अकोस्टा यांचा ग्रंथ १५९० चा. उष्ण कटिबंधात माणूस होरपळून जाईल ही प्राचीन ग्रीकांची शिकवण घेऊन ते निघाले आणि विषुववृत्तावर त्यांना थंडी वाजली. पुढे अँडीजच्या खिंडीत हवा विरळ होऊन जीव कासावीस होतो, याचं वर्णनही त्यांनीच करून ठेवलं. दोन शतकांनी अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट आले. १८०२ च्या २३ जूनला एमे बोंप्लां आणि कार्लोस मोंतुफार यांच्यासह ते अँडीजमधल्या चिंबोराझो पर्वतावर ५,८०० मीटरांच्याही वर चढले. पायथ्याच्या ताडांपासून शिखराजवळच्या दगडफुलापर्यंत कोणती वनस्पती कोणत्या उंचीवर, हे त्यांनी डोंगराच्या छेदावर नावांनिशी लिहून काढलं. १८०७ मध्ये छापलेलं ते चित्र आधुनिक भूगोलाच्या जन्मखुणांपैकी एक मानतात. पण त्याच काळात न्यू ग्रानादातले, म्हणजे आजच्या कोलंबियातले, फ्रान्सिस्को होसे दे काल्दास स्वतंत्रपणे हाच विचार करत होते, हे युरोपने उशिरा मान्य केलं. किनाऱ्याजवळच्या गार प्रवाहाला हम्बोल्टचं नाव मिळालं, तेव्हा आपण फक्त त्याचं तापमान मोजलं, कोळ्यांना तो केव्हापासून माहीत आहे, असं त्यांनी स्वतःच म्हटलं होतं.

पुढे दोन दृष्टी वेगळ्या झाल्या. एक क्योपेनची: तापमान आणि पावसाच्या आकड्यांवरून सगळ्या पृथ्वीचे हवामान-प्रकार अक्षरांत मांडणारी. ती सोयीची आहे आणि आपण अजून ती शिकवतो. दुसरी पर्वतातली. जर्मन भूगोलज्ञ कार्ल ट्रोल यांनी दाखवलं, की उष्ण कटिबंधातल्या उंच डोंगरावर उन्हाळा-हिवाळ्यापेक्षा दिवस आणि रात्र यांत जास्त फरक असतो. तिथला ऋतू रोज बदलतो. जूनच्या रात्री बटाटे उघड्यावर पसरून गोठवायचे, दिवसा उन्हात तुडवून पाणी काढायचं आणि वर्षानुवर्षं टिकणारा ‘चुन्यो’ करायचा, ही डोंगरी बायाबापड्यांची कृती या हवेच्या नेमक्या ज्ञानावर उभी आहे. पेरूचे हाव्हियेर पुल्गार व्हिदाल यांनी १९४० च्या दशकात देशाचे आठ नैसर्गिक प्रदेश मांडले ते लोकांच्याच शब्दांत: चाला, युंगा, केचुआ, सुनी, पुना, हांका, रूपा-रूपा, ओमाग्वा. किनारा, डोंगर, अरण्य हे स्पॅनिशांचे तीन खण लोकांच्या बोलीत कधीच पुरेसे नव्हते. जॉन मर्रा यांनी १९७० च्या दशकात याला माणसांची बाजू जोडली. एकच समाज निरनिराळ्या उंचींवर शेतं राखतो: खाली मका, वर बटाटा, त्याहून वर लामा.

एकादशीची साबुदाण्याची खिचडी या छेदावर ठेवून पाहावी. साबुदाणा ज्या कसाव्याच्या कंदाचा, त्याचं मूळ ॲमेझॉनच्या दक्षिण कडेला. शेंगदाणा बोलिव्हिया-अर्जेंटिनाच्या पायथ्याचा. बटाटा तितिकाका सरोवराभोवतीच्या, पावणेचार हजार मीटरांवरच्या पठाराचा. मिरचीचं कूळही त्याच खंडातलं, जरी आपली नेहमीची मिरची माणसाने मेक्सिकोत लागवडीला आणली. आपला उपवास निभतो तो तिथल्या डोंगरउतारांवर.

तिसरी परंपरा हवेच्या दाबाच्या आकड्यांतून आली, आणि तिचा धागा आपल्याकडून जातो. १९०२ मध्ये नॉर्मन लॉकियर आणि त्यांच्या मुलाच्या लक्षात आलं, की मुंबईतला हवेचा दाब चढतो तेव्हा अर्जेंटिनातल्या कोर्दोबाचा उतरतो. भारतीय हवामान खात्याचे महासंचालक गिल्बर्ट वॉकर १९०४ मध्ये आले ते मान्सूनचा अंदाज बांधण्याचं काम घेऊन. जगभरच्या नोंदींची वर्षानुवर्षं आकडेमोड करून १९२४ मध्ये त्यांनी या झोक्याला ‘दक्षिण दोलन’ असं नाव दिलं. त्यांचं खातं तेव्हा सिमल्यात होतं. १९२८ मध्ये ते पुण्याला आलं आणि म्हणून शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर आजही सिमला ऑफिस म्हणतात. तिकडे पेरूच्या कोळ्यांनी नाताळच्या सुमारास येणाऱ्या उबदार प्रवाहाला बाळ येशूवरून ‘एल निन्यो’ म्हटलं होतं; १८९० च्या दशकात लिमाच्या अभ्यासकांनी ते नाव कागदावर आणलं. सिमल्याचं दोलन आणि पेरूचा प्रवाह ही एकाच घटनेची दोन अंगं आहेत, हे याकोब ब्येर्क्नेस यांनी उलगडलं ते १९६९ मध्ये. तोवर खूप उशीर झाला होता. १८७७ च्या प्रचंड एल निन्योत दख्खनमध्ये माणसं अन्नान्न करून मेली, आणि त्याच वेळी ब्राझीलच्या सेआरा प्रांतात गावंच्या गावं उठून किनाऱ्याकडे चालत होती. सोलापूरच्या आणि सेआराच्या माणसांना एकमेकांची काही खबर नव्हती.

अरण्याच्या अभ्यासातला वाद अजून मिटलेला नाही. युर्गेन हाफर यांनी १९६९ मध्ये म्हटलं, की हिमयुगात जंगल आक्रसून बेटांसारखं उरलं आणि म्हणून इतक्या जाती निर्माण झाल्या. पुढच्या परागकणांच्या अभ्यासांनी यावर मोठं प्रश्नचिन्ह लावलं. अस्पर्शित अरण्य ही कल्पनाही विल्यम डेनेव्हन यांनी १९९२ मध्ये मोडीत काढली. माणसांनी तयार केलेली काळी सुपीक माती आणि २०२२ मध्ये बोलिव्हियाच्या सखल भागात झाडांखाली लेसरने दिसलेली जुनी नगरं पाहता ते बरोबर होते, असं माझं मत आहे.

आज हे सगळं जाणून घेण्याची निकड वाढली आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात मानाउस इथे रिओ नेग्रो नदी १२० वर्षांच्या नोंदींतल्या नीचांकाला गेली, आणि पुढच्याच वर्षी तो नीचांकही मोडला. त्याच २०२३ चा ऑगस्ट भारतात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. मराठवाड्यातली सोयाबीनची शेतं तेव्हा कशी दिसत होती, ते ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. २०२४ च्या मे महिन्यात ब्राझीलचं रिओ ग्रांदे दो सुल राज्य पुरात बुडालं. बोलिव्हियाची चाकाल्ताया हिमनदी २००९ मध्ये संपली. व्हेनेझुएलाची शेवटची हिमनदी २०२४ मध्ये हिमनदी म्हणण्याइतकी उरली नाही. तिचं नाव हम्बोल्ट. जंगलाचा पाचवा ते चौथा हिस्सा गेला तर उरलेलं स्वतःचा पाऊस राखू शकणार नाही, असा इशारा कार्लोस नोब्रे आणि थॉमस लव्हजॉय यांनी २०१८ मध्ये दिला. लातूरच्या बाजार समितीतला सोयाबीनचा भाव ब्राझील-अर्जेंटिनाच्या पिकावर हलतो. लिथियमच्या शोधासाठी भारताने २०२४ च्या जानेवारीत अर्जेंटिनाच्या कातामार्का प्रांताशी करार केला. हे लिथियम ज्या खारट तळ्यांच्या पाण्यात आहे, ती तळी त्याच कोरड्या तिरक्या पट्ट्यात आहेत, आणि तिथे माणसं, गुरं, रोहित पक्षी एकाच पाण्यावर जगतात.

या संग्रहाची रचना देशवार केलेली नाही. देशांच्या सीमा कागदावर सरळ असतात आणि वारा त्या पाळत नाही. लेख छेदरेषांवर बेतले आहेत: एखादी रेषा धरून किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत चालत जायचं, आणि वाटेत खडक, हवा, माती, पीक, माणूस जसे भेटतील तसे घ्यायचे. लेखकांची मतं काही ठिकाणी एकमेकांशी जुळत नाहीत. संपादक म्हणून मी ती घासून सारखी केली नाहीत. परिभाषा शक्य तिथे आपल्या शेतकऱ्याच्या आणि कोळ्याच्या तोंडची ठेवली आहे. स्थळांची नावं तिथल्या उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. सवयीची काही मात्र बदलली नाहीत. वाचकाने यातला कोणताही लेख वाचून एखाद्या ठिकाणी मनाने उभं राहावं आणि इथे वारा कुठून येतो, पाणी कुठे जातं, हे स्वतः सांगू शकावं, एवढीच अपेक्षा ठेवली.

वाचायला सुरुवात करण्याआधी शेवटी जोडलेला घडीचा छेद-नकाशा उघडावा. डाव्या टोकाला लिमा आहे. तिथे बोट ठेवून उजवीकडे सरकवलं, की रेघ सरळ वर चढते: करडं वाळवंट, रिमाक नदीकाठची हिरवी चिंचोळी पट्टी, मक्याच्या पायऱ्या, बटाट्याची शेतं, मग फक्त गवत. समुद्रापासून शे-दीडशे किलोमीटरांवर, ४,८०० मीटरांच्या वर, तिक्लिओची खिंड येते. तिथल्या दगडावर पडलेलं बर्फ अलीकडे वितळलं तर त्याचं पाणी लिमाच्या नळांतून पॅसिफिकला मिळतं. पलीकडे वितळलं, तर नकाशाच्या उरलेल्या सगळ्या घड्या उलगडाव्या लागतात.